सोऱ्या, नासा आणि आपलं जर्नल

प्रश्न ठरलेला आहे. ‘डायरेक्ट आणि इन्डायरेक्ट एक्स्ट्रूजन नीट आकृती काढून समजवा.’ मार्क आठ. मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेसेसचा कुठलाही जुना पेपर काढा, हा प्रश्न नाहीतर याचा चुलतभाऊ सापडणारच. उत्तरही ठरलेलं. एक चौकोन, त्यात तिरप्या रेघा मारलेला दुसरा चौकोन, डावीकडून एक जाड बाण, उजवीकडे एक बारीक शेपटी. खाली चार ओळी ॲडव्हान्टेजेस, तीन ओळी लिमिटेशन्स. इन्डायरेक्टला शेपटी उलट बाजूने काढायची. झालं. आठापैकी सहा कुठे जात नाहीत.

माझं म्हणणं असं की या आकृतीतून एक्स्ट्रूजन कळत नाही, आणि ते न कळण्याची किंमत आठ मार्कांपेक्षा खूप जास्त आहे. किती जास्त, ते पुढे आकड्यात सांगते.

त्याआधी एक खुलासा. मी कॉन्व्हेंटची. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ आमच्या मातोश्रींनी तपासलेत, त्यांचे आभार! शुद्ध मराठी प्रतिशब्द मी वापरणार नाही, कारण शॉप फ्लोअरवर ते कोणी वापरताना मी ऐकले नाहीत. तिथे बिलेटला बिलेट आणि डायला डायच म्हणतात.

तर... वर्गात हा टॉपिक सुरू झाला की पहिलं उदाहरण हमखास येतं, टूथपेस्टची ट्यूब नाहीतर चकलीचा सोऱ्या. वर्ग हसतो. मागच्या बाकावरून कोणीतरी ‘सर, दिवाळीला पार्सल पाठवा’ म्हणतं. आणि पुढच्या मिनिटाला फळ्यावर तो चौकोन येतो. सोऱ्या तिथेच सुटतो, तो परत कोणाला आठवत नाही. मला वाटतं, सोऱ्या इतक्या लवकर सोडायला नको होता. घरी दिवाळीला आणि उन्हाळ्यात तो दाबायचं काम माझ्याकडे असायचं आणि आकृतीत नसलेल्या बऱ्याच गोष्टी त्यात आहेत.

पहिली म्हणजे जोर. सोऱ्या गच्च भरलेला असताना सगळ्यात जास्त जोर लागतो. सुरुवातीला एक क्षण असा येतो की काहीच हलत नाही, आणि मग एकदम पीठ सुटतं. अर्धा रिकामा झाला की हात हलका होतो. का? चकती तीच, भोक तेच, पीठ तेच. बदलली ती फक्त आत उरलेल्या पिठाची लांबी. पिठाचा गोळा नळीच्या भिंतीला घासत पुढे सरकतो. गोळा लांब तर घर्षण जास्त, आखूड तर कमी. हेच ते डायरेक्ट एक्स्ट्रूजन. प्रेसवर लोड आणि रॅमच्या प्रवासाचा ग्राफ काढला तर सुरुवातीला उंच टोक आणि मग उतरती रेघ दिसते, ती हीच. इन्डायरेक्टमध्ये डायच पोकळ रॅमच्या तोंडाशी बसवलेला असतो आणि तो बिलेटमध्ये घुसतो. बिलेट भिंतीवरून सरकतच नाही, म्हणून ग्राफ जवळजवळ सपाट. पेपरात आपण ‘फोर्स कमी लागतो’ एवढंच लिहितो. कुठला फोर्स, कशामुळे कमी, हे हाताला कळलेलं असलं की पाठ करावं लागत नाही.

दुसरी गोष्ट, चकलीचे काटे. चकतीचं भोक चांदणीसारखं असतं, पण नुसत्या चांदणीने कड सरळ यायला हवी, काटेरी नाही. बारकाईने बघा. चांदणीच्या टोकांत पीठ पातळ असतं आणि चकतीच्या कडेला घासून मागे रेंगाळतं. मधलं पीठ पुढे पळतं. ही ओढाताण सहन झाली नाही की टोक तुटतं, परत पुढे जातं, परत तुटतं. हे एकेक तुटणं म्हणजे एकेक काटा. पीठ सैल झालं तर काटे येत नाहीत, कोरडं झालं तर चकलीच तुटते. ॲल्युमिनियमचं प्रोफाईल फार जोरात ढकललं की त्याच्या कडांवर नेमके असेच काटे येतात. पुस्तकात त्याला स्पीड क्रॅकिंग किंवा फर-ट्री क्रॅकिंग म्हणतात. चकलीत जे आपल्याला हवं असतं, ते खिडकीच्या चौकटीत रिजेक्शन. कोरड्या पिठाचं मात्र तिथे कारण नसतं. तिथे घर्षणाने आणि वेगाने पृष्ठभाग इतका तापतो की धातू फाटायला लागतो.

सोऱ्या भरताना आत हवा राहिली तर मध्येच ‘फट्’ होतं आणि चकली तुटते, हे सगळ्यांना माहीत आहे. ॲल्युमिनियमच्या प्रेसवर बिलेट आत भरल्यावर थोडा दाब देऊन क्षणभर सोडतात, अडकलेली हवा निघून जाऊ देतात आणि मग खरा दाब देतात. त्याला चक्क बर्प सायकल म्हणतात, म्हणजे बाळाला ढेकर काढतात तसं! हवा राहिली तर प्रोफाईलवर फोड येतात.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे कुरडई. हॉट आणि कोल्ड एक्स्ट्रूजनचा फरक मला पुस्तकाआधी साताऱ्याच्या आजीने शिकवला. चकलीचं पीठ गारच असतं. कुरडईचा गव्हाचा चीक मात्र शिजवून गरम असतानाच सोऱ्यात भरायचा. म्हणून सगळा कारभार पहाटे गच्चीवर, धावपळीत. कोणी रेंगाळलं की आजी ओरडायची, ‘अगं, गार झाल्यावर दाबायला भीम येणारे का?’ गरम असताना चीक मऊ, कमी जोरात वाहतो, गार झाला की घट्ट. हॉट वर्किंगची व्याख्या रिक्रिस्टलायझेशनच्या तापमानावरून करतात आणि चिकाचं ते काही होत नाही, मान्य. पण फ्लो स्ट्रेस तापमानावर अवलंबून असतो, आणि म्हणून वेळेशी शर्यत असते, हे यापेक्षा चांगलं कुठे कळणार?

इथपर्यंत सोऱ्या साथ देतो. यापुढे नाही, आणि माझ्या मते खरं इंजिनिअरिंग यापुढेच सुरू होतं.

इतिहास थोडक्यात, कारण पेपरात विचारत नाहीत! १७९७ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने शिशाच्या नळ्या काढायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. १८२० मध्ये थॉमस बरने त्याला हायड्रॉलिक प्रेस जोडला. १८९४ मध्ये अलेक्झांडर डिकने गरम पितळ डायमधून काढून दाखवलं. शिसं मऊ, पितळ कठीण. मधल्या शंभर वर्षांत जे घडलं ते बहुतेक त्या प्रचंड दाबाला आणि उष्णतेला टिकणारी नळी आणि डाय बनवण्याचं काम होतं. आज ॲल्युमिनियमचे डाय एच-१३ नावाच्या हॉट वर्क टूल स्टीलचे असतात.

आता आमची इंडस्ट्रियल व्हिजिट. कारखान्याचं नाव सांगत नाही, काम चांगलं होतं. खिडक्या-दारांचे प्रोफाईल काढणारा प्रेस. साधारण १८ सेंटिमीटर व्यासाचे ॲल्युमिनियमचे ओंडके भट्टीतून ४५०-४८० डिग्रीला तापून येत होते. पहिला धक्का हा की ते लाल नव्हते! लोखंड तापलं की लाल होतं, आपल्याला कळतं. ॲल्युमिनियम त्या तापमानाला तसंच चांदीसारखं. गार ओंडका आणि गरम ओंडका शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक नाही. तिथल्या सुपरवायझर काकांनी पहिली सूचना तीच दिली, ‘इथं कशालाबी हात लावू नका, दिसतंय गार म्हणून.’ हे वाक्य लक्षात ठेवा, लेखाचं सार काढायचं असेल तर हेच.

आकडेमोड करून बघा. १८ सेंटिमीटर व्यास म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २५४ चौरस सेंटिमीटर. प्रोफाईलचं क्षेत्रफळ समजा ५ चौरस सेंटिमीटर. गुणोत्तर झालं ५१ च्या आसपास. म्हणजे ६० सेंटिमीटरच्या ओंडक्यातून तीस मीटर पट्टी, आणि रॅम सेकंदाला ५ मिलिमीटर सरकला तर पट्टी मिनिटाला पंधरा मीटर धावत बाहेर येते. शेवटचा थोडा तुकडा मात्र कापून टाकतात, कारण ओंडक्याच्या बाहेरच्या सालीतला ऑक्साईड आणि घाण घसरत घसरत मागे जमा झालेली असते. तीही बाहेर काढायचा लोभ केला तर प्रोफाईलच्या पोटात ती घाण आणि पोकळी जाते. सोऱ्यातलं शेवटचं पीठ आपण बोटाने काढून परत मळतो, इथे ती सोय नाही.

अजून एक मजा. आदर्श सूत्रात फोर्स हा गुणोत्तराच्या नॅचरल लॉगवर अवलंबून असतो. २५ चा लॉग ३.२२ आणि ५० चा ३.९१. म्हणजे गुणोत्तर दुप्पट केलं तरी फोर्स वाढतो फक्त २१ टक्के. मला हे कळलं तेव्हा मी रूममेटला झोपेतून उठवून सांगितलं. तिची प्रतिक्रिया छापण्यासारखी नाही.

मग प्रश्न आला चौकोनी पाईपचा. पट्टी कळली, पण पोकळ पाईप कसा काढणार? मधलं पोकळ ठेवणारा खुंट मध्ये अधांतरी तर राहू शकत नाही! त्याला डायलाच पाय लावून धरून ठेवतात. पण पाय लावले की धातूची वाट अडली. म्हणून धातूचे तीन-चार प्रवाह होतात, ते पायांच्या बाजूने वाहतात आणि पुढे एका छोट्या चेंबरमध्ये परत भेटतात. तिथे दाब आणि उष्णता इतकी असते की घन अवस्थेतच, वितळल्याशिवाय, ते एकमेकांना जोडले जातात. हवा पोचलेलीच नसल्याने पृष्ठभागावर ऑक्साईड धरत नाही, म्हणून हे जमतं. आणि म्हणूनच इथे तेल-ग्रीस लावायचं नाही, तेल गेलं की जोड कच्चा. याला पोर्टहोल डाय म्हणतात. याचा अर्थ असा की अशा डायमधून निघालेल्या प्रत्येक चौकोनी पाईपच्या अंगावर लांबच लांब तीन-चार जोड असतात, आणि ते तुम्हाला दिसत नाहीत. जोड पक्का की कच्चा, बाहेरून सांगता येत नाही.

डायवर काम करणारे एक काका तिथे होते. त्यांना डाय करेक्टर म्हणतात. प्रोफाईल एका बाजूला वळत होतं म्हणून डाय काढून त्यांच्याकडे आला. त्यांनी प्रोफाईलचं पहिलं टोक हातात घेऊन नुसतं बघितलं, कुठली बाजू पुढे पळाली, कुठली मागे राहिली. डायच्या भोकाच्या आतली जी अरुंद सपाट पट्टी असते, बेअरिंग, तिची लांबी जास्त तर तिथे धातूला ब्रेक लागतो, कमी तर मोकळा. मध्यावर धातू मुळातच जोरात वाहतो, म्हणून तिथे बेअरिंग लांब. कडेला आणि पातळ भिंतीत हळू वाहतो, तिथे आखूड. काकांनी कानस घेतली, दोन-चार हात मारले, ‘लावा’ म्हणाले. पुढचं प्रोफाईल सरळ आलं. काका दहावी झालेत. दोन-तीन वर्षांनी आपल्यापैकी कोणीतरी त्यांचा ‘साहेब’ म्हणून जाणार आणि त्यांच्या मालाच्या टेस्ट रिपोर्टवर सही करणार. मला त्या सहीची काळजी वाटते.

कारण वळलेलं प्रोफाईल डोळ्याला दिसतं. कमजोर प्रोफाईल दिसत नाही. खिडक्यांना लागणाऱ्या ६०६३ मिश्रधातूत थोडं मॅग्नेशियम आणि थोडं सिलिकॉन असतं. डायमधून बाहेर पडताना तापमान साधारण ५०० डिग्रीच्या वर असेल तर ती दोन्ही ॲल्युमिनियममध्ये विरघळलेली असतात. लगेच पंख्यांनी किंवा पाण्याने गार केलं की तशीच आत अडकून राहतात. नंतर १७५-१८० डिग्रीच्या ओव्हनमध्ये काही तास ठेवलं की त्यांचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि धातू कठीण होतो. ही साखळी कुठेही तुटली, बाहेर पडताना तापमान कमी पडलं, पंखा बंद राहिला, ओव्हनमध्ये वेळ कमी दिला, की ताकद आली नाही. आणि दिसायला? अगदी तीच चकाकी. ए.एस.टी.एम.च्या मानकात याच ६०६३ ची यील्ड स्ट्रेंग्थ टी-५ स्थितीत किमान ११० मेगापास्कल आणि टी-६ ला १७० लागते. दोन तुकडे हातात दिले तर मी काय, कोणीही नुसतं बघून सांगू शकणार नाही की कुठला कुठला. सांगू शकतं फक्त टेन्साईल टेस्टचं मशीन. त्या कागदावरचा आकडा.

यात अजून एक गोम आहे. प्रेस जोरात चालवला की माल जास्त निघतो. पण दाबायला लागलेलं सगळं काम शेवटी उष्णतेत जातं. ४०० मेगापास्कलचा दाब असेल आणि ती उष्णता कुठेच निसटली नाही, तर धातू दीडशे डिग्रीच्या आसपास तापेल, गणित करून बघा. प्रत्यक्षात बरीचशी नळीत आणि डायमध्ये जाते, तरीही तापमान चढतंच. म्हणजे फार जोरात चालवला तर पृष्ठभाग फाटतो, ओंडका कमी तापवून हळू चालवला तर ताकद येत नाही. यातून मधली वाट काढायची, आणि महिन्याचं टार्गेटही गाठायचं. अशा ठिकाणी आकडा पडला १६० आणि लागतो १७०, तर काय होईल? ट्रक गेटवर उभा आहे...

हा कल्पनेचा प्रश्न नाही. अमेरिकेत झालंय. २४ फेब्रुवारी २००९ ला नासाचा ऑर्बिटिंग कार्बन ऑब्झर्व्हेटरी हा उपग्रह टॉरस एक्सएल रॉकेटवरून सुटला. हवेतल्या कार्बन डायऑक्साईडचं मोजमाप करायला. उपग्रहाभोवतीचं जे कवच असतं, फेअरिंग, ते वातावरणाबाहेर गेल्यावर तुटून पडायला हवं होतं. पडलं नाही. त्या वजनासकट कक्षा गाठता आली नाही आणि सगळं समुद्रात. ४ मार्च २०११ ला त्याच जातीच्या रॉकेटवरून ग्लोरी हा दुसरा उपग्रह गेला. परत फेअरिंग सुटलं नाही, परत समुद्र. दोन्ही मिळून नुकसान ७० कोटी डॉलरच्या वर.

फेअरिंगचा जोड तुटण्यासाठीच बनवलेला असतो. आत स्फोटक, बाहेर ॲल्युमिनियमचं एक्स्ट्रूजन. स्फोट झाला की ते ठरलेल्या जागी पूर्ण फाटलं पाहिजे. ते पूर्ण फाटलं नाही. नासाच्या तपासात निघालं की हे एक्स्ट्रूजन पुरवणाऱ्या ओरेगन राज्यातल्या सापा प्रोफाईल्स कंपनीत टेन्साईल टेस्टचे आकडे बदलले जात होते. एक-दोनदा नाही, १९९६ पासून २०१५ पर्यंत, जवळजवळ एकोणीस वर्षं. नापास तुकड्यांचे आकडे पास करून हजारो सर्टिफिकेटं शेकडो ग्राहकांना गेली. कामगारांचे बोनस उत्पादनाशी जोडलेले होते, हेही पुढे आलं. लॅबच्या एका सुपरवायझरला तीन वर्षांची कैद झाली. २०१९ मध्ये कंपनीने ४ कोटी ६० लाख डॉलर भरायचं मान्य केलं. तेव्हा तिचं नावही बदललेलं होतं.

त्या लॅबमध्ये काय केलं असेल याचा विचार करा. यंत्र चालू होतं. तुकडा खरा होता. तो खरंच ओढून तोडला असणार. मग कोणीतरी आकडा बघितला, त्याला तो ‘जुळत’ नव्हता, आणि त्याने जुळणारा लिहिला.

आता आपल्याकडे या. स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्सची टेन्शन टेस्ट. एका बॅचला एक रॉड. लॅब असिस्टंट मशीन चालवतात, आपण वीस जण भोवती उभे, मागच्यांना डायल दिसत नाही. आकडे मोठ्याने सांगितले जातात, वीस जणं उतरवतात. इथपर्यंत ठीक, रॉडला पैसे पडतात. पण ज्या प्रयोगात प्रत्येकाने स्वतः रीडिंग घ्यायचं असतं तिथे काय होतं? ग्राफ सरळ रेषेत नाही आला की वहीवर लाल शेरा, ‘रीडिंग चेक करा’. चेक करायला मशीन कुठे मोकळं असतं? मग हॉस्टेलमध्ये सीनिअरचं जर्नल खोलीखोलीतून फिरतं. त्यात ग्राफ सुंदर असतो. आधी स्लोप ठरतो, मग त्यावरून रीडिंग्ज बनतात, आणि खरी वाटावीत म्हणून एक-दोन थोडी इकडेतिकडे सरकवली जातात. या कौशल्याला आपल्याकडे फुल मार्क आहेत. सबमिशनच्या आदल्या रात्री मेसमध्ये चहा पीत हे काम इतक्या सहज चालतं की कोणाला त्यात काही खटकतही नाही.

सर, मॅडम, राग मानू नका. मुलं आळशी आहेत हे एक कारण आहेच, नाकारत नाही. पण आपण न जुळणाऱ्या रीडिंगला शिक्षा करतो. जुळणाऱ्याला कोणी विचारत नाही, ‘कुठून आणलंस?’ चार वर्षं अशी सवय लागलेला मुलगा एखाद्या प्रेसशेजारच्या लॅबमध्ये बसला, समोर १६० आला आणि फोनवर डिस्पॅचवाला ओरडतोय, तर तो कागदावर काय लिहील?

आमच्या वर्गातल्या काहींचं म्हणणं, हे सगळं आता सॉफ्टवेअरवर होतं, सिम्युलेशन शिकवा. सिम्युलेशन छानच आहे. रंगीत चित्रात धातू वाहताना दिसतो, मीही तासभर बघत बसते. पण सिम्युलेशन तुम्हाला कधी अनपेक्षित रीडिंग देऊन कोड्यात टाकत नाही. घर्षणाचा आकडा तुम्हीच भरलेला असतो.

म्हणून मी एक साधी मागणी करते. एक्स्ट्रूजनचं सध्या प्रॅक्टिकल नाही, चार्ट आहे. तो चार्ट काढून टाका आणि खरं प्रॅक्टिकल ठेवा. ॲल्युमिनियम नको, भट्टी नको. प्लॅस्टिसिन पुरे, स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. ४० मिलिमीटर आतला व्यास असलेला पाईपचा तुकडा, त्यात बसणारा दट्ट्या, आणि दोन डाय. एकाला २० मिलिमीटरचं भोक, दुसऱ्याला १० चं. हे सगळं आपल्याच वर्कशॉपमध्ये लेथवर होतं, मी वर्कशॉपच्या काकांना विचारलंय. ‘दोन दिवसांचं काम, मटेरिअल स्क्रॅपमधून देतो’ म्हणाले. दाबायला आपलं मोठं यू.टी.एम. नको, प्लॅस्टिसिनचा जोर त्याच्या काट्याला कळणारसुद्धा नाही. सिव्हिलच्या सॉईल लॅबमध्ये प्रूव्हिंग रिंगवालं छोटं मशीन आहे. दोन डिपार्टमेंट्सनी एकमेकांशी बोलायचं एवढंच. (हे सगळ्यात अवघड, माहीत आहे!)

दोन रंगांच्या चकत्या एकावर एक रचून बिलेट करायचं. अर्धं दाबून थांबायचं, बाहेर काढून सुरीने उभं कापायचं. मधला भाग कसा पुढे पळालाय आणि कोपऱ्यात अडकलेला धातू कसा जागचा हललाच नाही, हे डेड मेटल झोन डोळ्यांनी दिसेल. परत कोणी पाठ करणार नाही. मग दोन्ही डायनी लोडचे ग्राफ काढायचे. भोक २० चं असेल तर गुणोत्तर ४, भोक १० चं असेल तर १६. सोळाचा लॉग चारच्या लॉगच्या बरोबर दुप्पट. म्हणजे सूत्राप्रमाणे लोडही दुप्पट यायला हवा.

येणार नाही. कुणाला पावणेदोन पट येईल, कुणाला अडीच. भिंतीचं घर्षण आहे, दाबण्याचा वेग आहे, सकाळच्या बॅचचं प्लॅस्टिसिन गार आणि दुपारच्या बॅचचं मऊ आहे. जर्नलमध्ये फरक का आला हे लिहायला दोन पानं ठेवा आणि मार्क त्या दोन पानांना द्या. आलेल्या आकड्याला एकही मार्क देऊ नका. हॉस्टेलमध्ये फिरवायला त्या प्रयोगाचं जर्नल कोणाच्या उपयोगाचं नसेल, कारण दुसऱ्याच्या प्लॅस्टिसिनचा आकडा तुमच्या ग्राफवर बसणारच नाही.

एच.ओ.डी. सरांना अर्ज दिलाय. आतापर्यंत एकतीस सह्या झाल्यात, गर्ल्स हॉस्टेलच्या नोटीस बोर्डाशेजारी कागद लावलाय, बॉईज हॉस्टेलला मेसच्या दारात. सही करताना पेन तिथेच ठेवा, दोन गेलीत.